कोबाल्टच्या वाटेवर बदललेला नवस

खरं सांगायचं तर मी कोबाल्टला फिरायला गेलेच नव्हते. गेले होते क्लेमॉन्सचं मन वळवायला. फिरणं आपोआप झालं आणि फार छान झालं, म्हणून हे लिहायला बसलेय.

क्लेमॉन्स माझी मैत्रीण. टोरोंटोजवळच्या, एटोबिकोच्या ज्या वृद्धाश्रमात मी रिटायर होईपर्यंत नर्स होते, तिथेच ती कामाला होती. मूळची काँगोची, कोल्वेझीच्या बाजूच्या एका खाणगावातली. तिच्याकडे वयाने मोठ्या बाईला मानाने ‘मामा’ म्हणतात, म्हणून मी मामा रिबेका. माझ्या भावाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, “मग मी कोण, मावशी?”

तर गेल्या वर्षी उन्हाळ्यात या बाईने माझ्या किचनमध्ये बसून सांगितलं, की गावचे लोक तिला नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहा म्हणतायत आणि तिला जावंसं वाटतंय. तिच्या गावाखाली तांबं आहे, कोबाल्ट आहे, म्हणजे तुमच्या-आमच्या फोनच्या बॅटरीत असतं ते. ट्रक रात्रंदिवस भरून जातात. शाळेचं छप्पर मात्र गळतंय, आणि दवाखान्याचं उद्घाटन दोनदा झालंय, दार एकदाही उघडलं नाही. खाणीच्या रॉयल्टीतला हिस्सा गावाला मिळायला हवा, असा तिथे कायदा आहे. तो हिस्सा कुठे जातो, असं तिच्या थोरल्या भावाने भर सभेत विचारलं. पुढच्याच आठवड्यात त्याच्या दुकानाला कुलूप लागलं, आणि त्याला दोन माणसं घरी येऊन समजावून गेली. कसं समजावलं, ते तो अजून सांगत नाही.

अशा ठिकाणी ही निघाली निवडणूक लढवायला! मी गुपचूप नवस बोलले. आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे रेवदंड्याचे. आमच्यात काही मागायचं असलं की आमच्या प्रेषिताला, एलियाहू हान्नबीला, मलिदा बोलतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती पाच फळं. ‘क्लेमॉन्सने जायचा नाद सोडला की मलिदा करीन,’ म्हटलं.

आणि कोबाल्टच का? तर वृद्धाश्रमात एक आजोबा होते, ओंटारिओच्या उत्तरेला कोबाल्ट नावाचं गाव आहे तिथले. ‘मी कोबाल्टचा,’ असं ते म्हणाले की क्लेमॉन्स म्हणायची, ‘मीपण.’ दोघं खदाखदा हसायचे. वारण्याआधी त्यांनी तिला सांगितलं होतं, की काही ठरवण्याआधी एकदा माझं गाव बघून ये. मी लगेच म्हटलं, चल, आम्ही नेतो. गाडीत सहा तास ती माझ्या ताब्यात राहणार होती ना!

सप्टेंबरच्या शेवटी, नव्याचा सण, म्हणजे आमचं नवं वर्ष, आटोपल्यावर रविवारी सकाळी निघालो. आमचे सॉलोमन ड्रायव्हिंगला. चारशे नंबरचा हायवे धरून बॅरीपर्यंत, मग अकरा नंबर थेट वर. सकाळी आठच्या आत निघा, नाहीतर कॉटेजवाल्यांच्या गर्दीत अडकाल. बरोबर पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि सणाचा उरलेला, गव्हाच्या चिकाचा हलवा. हंट्सव्हिलला गाडीत बसूनच खाल्लं, वरून डबल-डबल, म्हणजे दोन क्रीम-दोन साखरेची कॉफी. नॉर्थ बेला गॅस भरून घ्या, पुढे पंप कमी आहेत. आणि टेमागामीचं जंगल! मेपल लाल, बर्च पिवळे, मधे काळेभोर पाइन. सॉलोमन तर गाडी चालवायची सोडून बघतच राहिले.

“अहो, समोर बघा, मूस येईल!” मी ओरडले (मूस म्हणजे इथलं घोड्याएवढं सांबर) आणि परत मागे वळून मुद्द्यावर आले. “खाणारे खाणारच गं. रेवदंड्याला रस्ता झाला तरी आम्ही आधी विचारतो, खाल्ले किती? तू एकटी काय करणार?”

“गावाचे किती पैसे आले आणि कुठे गेले, ते बाजाराच्या दिवशी रेडिओवर वाचणार.”

“आणि ते तुला वाचू देतील?”

“नाही देणार, मामा. म्हणून तर माणसं बरोबर घेऊन वाचायचं.”

“ही तुझ्यापेक्षा हट्टी आहे,” सॉलोमन मराठीत म्हणाले. त्यांना फार आनंद झालेला दिसला.

मुक्काम शेजारच्या न्यू लिस्कर्डला. साधं मोटेल, दोन खोल्या मिळून तीनशे डॉलरच्या आत, अंथरूण-पांघरूण स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी कोबाल्ट. टेकडीवर वेडीवाकडी रंगीत घरं, आणि एका जुन्या दुकानाच्या छपरातून चक्क खाणीचा लाकडी मनोरा वर आलेला! पूर्वी तिथे किराणा मालाचं दुकान होतं आणि खाणीतली गार हवा फ्रिजसारखी वापरायचे म्हणे. म्युझियम जरूर बघा, तिकीट स्वस्त आहे, आणि अंधाऱ्या खोलीत चमकणारे दगड आहेत. या गावात चांदी निघायची. चांदीच्या नादात कोबाल्ट फेकून द्यायचे, आणि नाव मात्र गावाला त्याचंच. तळं दिसायला सुरेख, पण जुन्या खाणींमुळे पाण्यात आर्सेनिक आहे. क्लेमॉन्स तळ्याकाठी बराच वेळ उभी राहिली. “आमची नदी अशीच दिसते,” एवढंच म्हणाली.

जेवायला एका छोट्या कॅफेत गेलो. मालकीण जिनेट, साठीची, फ्रेंच बोलणारी. या भागात फ्रेंच माणसं पुष्कळ. काँगोतही फ्रेंच चालतं, त्यामुळे क्लेमॉन्सला तर माहेर भेटल्यासारखं झालं. ‘मा शेरी, मा शेरी’ करत दोघी सुटल्या, आणि मी बसले तिथली फळं भरून भाजलेली ‘पाय’ लार्डमध्ये, म्हणजे डुकराच्या चरबीत, केलीय की बटरमध्ये ते विचारायची वाट बघत. (बटरमध्ये. ब्लूबेरीची. सोडू नका.)

मग आमच्यासाठी इंग्रजीत आल्या. चांदी संपल्यावर इथे काय उरलं, असं क्लेमॉन्सने विचारलं. जिनेट म्हणाली, “पैसा गेला दक्षिणेला, तुमच्या टोरोंटोत. माझी पणजी इथे टायफॉइडने गेली. प्यायचं पाणी विकत घ्यायची लोकं.” बोलता बोलता कळलं, की जिनेट पलीकडच्या एका छोट्या गावात नगरसेविका आहे.

एवढ्यात दार ढकलून एक म्हातारेबुवा आत आले. डोक्यावरची टोपीही न काढता सुरू झाले. “जिनेट! माझ्या ड्राइव्हवेसमोरचा खड्डा! दोन महिने झाले! तुला मत दिलं ते पाय बनवायला दिलं का?” जिनेटने त्यांना कॉफी ओतून दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मीटिंगला ये मार्सेल, तिथेही ओरड.” ते कॉफी पिताना ओरडले, पैसे देताना ओरडले आणि गेले.

“हे नेहमीचंच,” जिनेट म्हणाली. “मला ग्रोसरीत गाठतात, चर्चमध्ये गाठतात. परवा एक बाई वॉशरूमच्या दाराबाहेरून ओरडत होती, मी आत!”

आम्ही हसलो. क्लेमॉन्स दाराकडे बघत होती. “आता त्यांना काही होणार नाही?” तिने विचारलं.

“कुणाला, मार्सेलला? काय व्हायचंय?” जिनेटला प्रश्नच कळेना.

क्लेमॉन्स हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मी तिचा हात धरला. “मामा,” ती म्हणाली, “मला एवढंच हवंय. माझ्या गावातल्या बाईने मला बाजारात गाठून असंच झाडावं. आणि मग घरी जाऊन स्वस्थ झोपावं. माझ्या भावाने एकदाच विचारलं होतं गं. एकदाच.”

माझ्याकडे अजून पुष्कळ मुद्दे शिल्लक होते. सगळे गिळले. सॉलोमन म्हणतात, आमच्या लग्नानंतर मी गप्प बसल्याची ही पहिलीच वेळ.

तिसऱ्या दिवशी परत निघालो. न्यू लिस्कर्डचं ताजं चीज घ्यायला विसरू नका, आणि ऑक्टोबरनंतर जाणार असाल तर विंटर टायर्सशिवाय जाऊ नका. क्लेमॉन्स मागच्या सीटवर गाढ झोपली होती.

“तुझ्या नवसाचं काय?” सॉलोमननी हळूच विचारलं. म्हणजे यांना ठाऊक होतं!

“बदलला.”

“नवस बदलता येतो?”

“का नाही? एलियाहू हान्नबीला काय अ‍ॅप्लिकेशन रद्द करायचंय? आता असं बोललेय, की हिच्यावर गावातलं कुणीतरी पहिल्यांदा बिनधास्त ओरडलं, की मलिदा.”

सॉलोमननी पुढचा ट्रक ओव्हरटेक केला. मग म्हणाले, “पोहे जाडे आणू.”

बर्फ वितळल्यावर क्लेमॉन्स गेली. थोडक्या मतांनी निवडून आली. तिथल्या तिच्या घराच्या दाराची कडी दोनदा तोडली गेली. मला भीती वाटते, रोज वाटते. फोन चार्जिंगला लावताना तिचं गाव आठवतं. न्यू लिस्कर्डहून आणलेलं चीज केव्हाच संपलं, रंग फोटोत राहिले, आणि मार्सेलचा आवाज मात्र कानातून जात नाही.

परवा सकाळी व्हॉइस मेसेज आला. आधी बाजाराचा गलका. मग एका बाईचा आवाज, स्वाहिलीत, तोफेसारखा. त्यावरून क्लेमॉन्स ओरडून सांगतेय, “मामा, ऐकतेस ना? गटाराचं काम अर्धवट राहिलं म्हणून मला झाडतेय! सगळ्यांसमोर! अजून थांबत नाहीये!”

“काय झालं? कोण ओरडतंय?” सॉलोमन घाबरून जिन्यावरून खाली आले.

मी मेसेज पुन्हा लावून फोन त्यांच्या हातात दिला आणि पोहे भिजत घालायला उठले.