अण्णांचं दुसरं पत्र

आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत तेव्हा एका घरी रेडिओ लावला की चार घरांना फुकट ऐकू यायचा. 

अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. आणीबाणीत एका वयोवृद्ध नेत्याच्या शब्दाखातर ते तुरुंगात जाऊन बसले. पुढे त्याच नेत्यांच्या पुण्याईनं नवं सरकार आलं, त्यातली मंडळी एकमेकांच्या उरावर बसली आणि अण्णा आपल्या या नेत्यांवरच भडकले. आमटी अळणी झाली तरी खापर दिल्लीवर फुटायचं. शेवटी त्यांनी नेत्यांना पत्रच धाडलं, ‘तुम्ही आमचा विश्वासघात केलात.’ नेते तेव्हा इस्पितळात अत्यवस्थ होते.

दुसऱ्याच दिवशी रेडिओनं सांगितलं, नेते गेले. शाळा सुटली. अण्णा घरी आले ते थेट मोरीत शिरले आणि घरातलं माणूस गेल्यासारखी डोक्यावरून आंघोळ केली. “मरत्या माणसाला काय लिहिलं गं मी!” म्हणत ओल्या अंगानं रडले. वडलांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मला फार भीती वाटली.

थोड्या वेळानं कळलं, बातमी खोटी! नेते जिवंत आहेत. आईनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. “मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं,” ती म्हणाली. अण्णांचा चेहरा मात्र पडला.

“अगं, म्हणजे आता ते पत्र वाचणार!”

“अहो, रोज पोतंभर पत्रं येत असतील. तुमचंच कोण वाचत बसलंय?”

हे अण्णांना फारच झोंबलं. दोन दिवस त्यांनी अबोला धरला. मग खाडाखोड करत दुसरं पत्र लिहिलं, ‘रागाच्या भरात लिहून गेलो. आपण वडलांच्या जागी आहात, क्षमा असावी.’ त्यानंतर कित्येक महिने पोस्टमन दिसला की अण्णा सायकलवरून उतरायचे. माझ्या मॅट्रिकच्या निकालाचीही त्यांनी एवढी वाट पाहिली नाही. हे मी त्यांना पुढे बरीच वर्षं ऐकवलं.

दसरा झाला आणि रेडिओनं पुन्हा तीच बातमी दिली. अण्णा जागचे हलले नाहीत. “मागच्यासारखीच असेल,” म्हणाले. शेजारी सांगायला आले, त्यांनाही त्यांनी झापलं. संध्याकाळी रेडिओवर लोकांचं रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठे ते उठले. आईनं पाणी काढून ठेवलंच होतं.

मोरीच्या दाराशी थांबून त्यांनी विचारलं, “दुसरं पोचलं असेल का गं?”

“पोचलं असणार. आणि वाचलंही असणार,” आई म्हणाली. “तुमचं अक्षर किती सुरेख आहे.”

एरवी आईच्या प्रत्येक वाक्याला फाटे फोडणारे अण्णा नुसती मान हलवून आत गेले. आई बाहेर उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. नेत्यांसाठी ती रडत नव्हती, एवढं मला तेव्हाही कळलं.