बन्सीनं उघडलेलं दार

पडेगावच्या बन्सी सांडू पठाडेचा जन्म निजामावरच्या पोलिस ॲक्शनच्या साली झाला आणि तेहतिसाव्या वर्षी त्याचं आयुष्य आटोपलं. त्यानंतरही तो पुष्कळ जगला. दौलताबादच्या रस्त्याला पाटी मांडून पेरू-सीताफळं विकली, पोरीचं लग्न केलं, दात पाडून घेतले. पण हे सगळं नुसतं दिवस ढकलणं होतं, आणि ते त्याला स्वतःला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

त्याआधीचा बन्सी ज्यांनी पाहिला, ते अजून सांगतात. उंचापुरा गडी, कडक इस्त्रीची पँट, केसांना खोबऱ्याचं तेल चोपडलेलं. मराठी होतीच, बापाकडून उर्दू आली, शाळेतून जेमतेम इंग्रजी आली, आणि एवढ्या भांडवलावर तो एका विमान कंपनीत प्रवाशांना चहा-नाश्ता देण्याच्या नोकरीला लागला. गाव त्याला 'विमानाचा कंडक्टर' म्हणायचं. चिडवायचं म्हणून म्हणायचं, पण मुंबईला कुणाचं पेशंट न्यायचं असलं की त्याच कंडक्टरच्या दारात येऊन बसायचं. बन्सीला ते आवडायचं. माणसाला कौतुक आवडतं, त्यात काही गुन्हा नाही.

त्या काळी विमानात कॉकपिटचं दार नुसतं नावाला होतं. आज म्हणे पोलादी असतं, गोळी झाडली तरी फुटत नाही, आतून ओळख पटल्याशिवाय उघडत नाही. तेव्हा बन्सी एका हातात चहाचा ट्रे धरायचा, दुसऱ्या हातानं दोनदा टकटक करायचा आणि कोपरानं दार लोटून आत शिरायचा. परक्या माणसाला आत नेऊ नये असा नियम होता. तो कुठल्याशा पुस्तकात छापलेला होता आणि पुस्तक ऑफिसच्या कपाटात होतं.

शिवाय कॅप्टन केशव पैठणकर हे औरंगाबादचेच. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत वाढलेले, वडील निजामाच्या कचेरीत कारकून. मोठा मोकळा माणूस. त्यांनी एक रीत पाडली होती. मुंबईहून येताना विमान उतरायला लागलं की डाव्या हाताला दौलताबादचा किल्ला दिसतो. त्याच्या जरा आधी बन्सी चहाचे कप उचलायला आत गेला की ते मराठीतून विचारत, "आज आपल्याकडचं कोण आहे रे?" मग बन्सीनं प्रवाशांतून एक माणूस निवडायचा, पहिल्यांदा विमानात बसलेला, आपल्या मुलखाचा. तो माणूस कॅप्टनच्या खुर्चीमागं उभा राहून किल्ला बघायचा, हात जोडायचा आणि डोळे पुसत जागेवर जाऊन बसायचा. एवढीच ती रीत. तिनं कितीतरी लोकांचं भलं केलं, हेही सांगायला हवं.

निवड बन्सीची असे आणि त्यात तो फार काटेकोर होता. मुंबईची हौशी मंडळीही आम्ही तिकडचेच म्हणून पुढं सरसावत. म्हणून त्यानं स्वतःची एक परीक्षा काढली होती. गाव कोणतं ते विचारायचं आणि लगेच, बाजार कोणत्या वारी भरतो ते विचारायचं. ज्याला आपल्या गावचा बाजारवार सांगता आला नाही, तो खोटा. ज्याला आला, तो आपला माणूस. बन्सीला हे इतकं पक्कं वाटायचं की त्यापुढं पोलिसाचा दाखला फिका.

एक्याऐंशीच्या मे महिन्यातला तो दिवस. विमानात मुलखातली, पहिल्यांदाच बसलेली अशी दोनच माणसं होती. एक फर्दापूरची आवडाबाई. मुंबईला डोळ्याचं ऑपरेशन करून परत निघालेली म्हातारी, एका डोळ्यावर पट्टी. दुसरा पंचविशीतला एक तरणा, पाचोडचा. बन्सीनं बाजारवार विचारला. त्यानं वार तर सांगितलाच, वर बैलांचा बाजार कुठल्या बाजूला बसतो आणि भेळ कुठली चांगली, तेही सांगितलं. आवडाबाई म्हणाली होती, "मला बी दाव की रं बाबा किल्ला." बन्सीनं विचार केला, म्हातारीला एका डोळ्यानं काय दिसणार आणि ती चालत जाणार कशी. त्यानं पोराला उठवलं.

दार त्यानं उघडलं. कॅप्टननी मागं वळून, या, बघा, असं म्हटलं. शेजारचा वैमानिक मद्रासकडचा, त्या मार्गावर त्याचा पहिलाच दिवस. त्याला मराठी कळत नव्हतं आणि तो कानाला यंत्र लावून विमानतळाशी बोलत होता. पोरानं किल्ला पाहिला. अगदी मन लावून पाहिला, हे बन्सी पुढं जन्मभर सांगत राहिला, जणू त्यात काही उत्तर होतं. मग त्यानं शर्टाच्या आतून पिस्तूल काढलं आणि कॅप्टनच्या मानेला लावलं. मागच्या रांगेतून त्याचा जोडीदार उठला आणि प्रवाशांवर ओरडू लागला.

कुणा पुढाऱ्याला तुरुंगातून सोडावं अशी त्यांची मागणी होती आणि विमान सरहद्दीपलीकडं न्यायचं होतं. तेवढं तेल नाही असं सांगून कॅप्टननी ते औरंगाबादच्याच विमानतळावर, चिकलठाण्याला उतरवलं. मग भर उन्हात ते तसंच उभं राहिलं. आतली हवा संपल्यासारखी झाली, लेकरं रडून थकली, आवडाबाई पट्टीवर पदर धरून देवाचं नाव घेत बसली. तीन वाजता पोरगा म्हणाला, तेल भरून झालंय, आता उडवा. कॅप्टन म्हणाले, माणसं उतरव, मग उडवतो. पोरगा ऐकेना. त्यांनी त्याचा हात धरला, आणि गोळी सुटली.

बन्सी धावला. त्यानं प्रवाशांना द्यायचे धुतलेले नॅपकिन होते तेवढे जखमेवर दाबले. कॅप्टन त्याच्याकडं बघत होते, आणि बघता बघताच गेले. पोरानं पिस्तूल खाली टाकलं आणि पोलिसांनी आत येऊन दोघांना धरेपर्यंत तो तोंड झाकून बसून राहिला. आपल्या हातून माणूस मरेल हे त्याला खरंच वाटलं नसावं. पण नसावं म्हणून काय होतं?

चौकशीचा साहेब दिल्लीहून येणार होता. तो यायच्या आदल्या दिवशी बन्सी कॅप्टनच्या घरी भेटायला गेला. घर माणसांनी भरलं होतं. पेपरात फोटो आले होते, प्रवाशांसाठी जीव दिला म्हणून मोठं नाव झालं होतं, सरकार पदक देणार अशी बोलवा होती. कॅप्टनच्या पत्नी शैलाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर चार वर्षांची मुलगी. बन्सी उंबऱ्याशी उभा राहिला. त्या कुणाशी तरी बोलत होत्या. म्हणाल्या, "नियमाचे फार कडक होते हे. नियमाबाहेर पाऊल नाही टाकलं कधी."

बन्सी तिथूनच माघारी फिरला. दुसऱ्या दिवशी साहेबानं विचारलं, दार कोणी उघडलं आणि कोणाच्या सांगण्यावरून. बन्सी म्हणाला, मीच उघडलं, माझ्या मनानं. कॅप्टनसाहेबांना काही माहीत नव्हतं.

एवढं एक वाक्य. त्याची किंमत त्याला वाटली होती त्याहून फार मोठी निघाली. नोकरी गेली, ती जाणारच होती. पण पोरगा पाचोडचा, हा पडेगावचा, दोघं बोलताना प्रवाशांनी पाहिलेले. पोलिसांना वाटलं हा सामील आहे. अकरा महिने तो कोठडी आणि कोर्ट करत राहिला. घरातल्या ज्वारीच्या कणग्या पोलिसांनी उलथ्या करून पाहिल्या. पुरावा मिळाला नाही म्हणून सुटला, पण पुरावा न मिळाल्यानं सुटलेला माणूस गावाच्या लेखी सुटत नाही. कंडक्टरचा 'दारउघड्या' झाला. पेरू घ्यायला थांबलेली माणसंही कोपरखळी मारून विचारायची, काय बन्सीभाऊ, आज कुणाला आत सोडलं?

त्यानं खरी गोष्ट बायकोलाही सांगितली नाही. सरूबाई तोंडाची फटकळ. तिला सांगितलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी शैलाताईंच्या दारात जाऊन उभी राहिली असती. म्हणून सरूबाईनंही मान्य केलं की आपल्या नवऱ्याच्या हातून एका चांगल्या माणसाचा जीव गेला. तिच्या भावानं येणं-जाणं तोडलं. उमाला, त्यांच्या एकुलत्या एका पोरीला, स्थळं यायची आणि बापाचं नाव कळलं की फिरायची. चौथं फिरलं त्या दिवशी उमा बापाला म्हणाली, "तुम्ही मेले असते तिथं तर बरं झालं असतं, दादा." शेवटी जालन्याकडच्या एका बिजवराला दिली. लग्नाच्या मांडवातही बन्सीच्या ओठावर ते आलं होतं. नाही बोलला.

का नाही बोलला? लोक म्हणतील मूर्खपणा. मलाही कधीकधी तेच वाटतं आणि त्याचा राग येतो. पण त्याचा हिशेब साधा होता. रीत साहेबांची असली तरी माणूस मी निवडला. म्हातारीला नेलं असतं तर काही झालं नसतं. तेव्हा पाप माझंच, आणि त्या पापाबदली एक गोष्ट मी करू शकतो: त्या बाईला आपला नवरा चुकला हे कधी कळू द्यायचं नाही. ती तरी सुखानं झोपावी. बन्सीच्या सबंध आयुष्यात जमेला काय होतं, तर हे एवढंच.

वीस वर्षं गेली. अमेरिकेत विमानं इमारतींवर घातली गेली आणि जगभर विमानांची दारं पक्की करायचे हुकूम निघाले. कुणा पेपरवाल्यानं जुनी प्रकरणं उकरून काढली, त्यात बन्सीचं नाव छापलं. चार महिन्यांनी शैलाताईंचा निरोप आला. आजारी आहे, एकदा येऊन जा.

सरूबाईला आनंद झाला. तिनं स्वतः त्याचं धोतर धुऊन दिलं. म्हणाली, "पाय धरा त्यांचे. लई वरसं झाली, आता तरी माफी मागा. माझ्यानं हे ओझं घेऊन मरवायचं नाय." बन्सी व्हय म्हणाला.

शैलाताई खाटेवर होत्या, हाडं उरलेल्या. भिंतीवर कॅप्टनचा फोटो, खाली काचेत पदक. मुलगी परदेशी. बन्सी खाली बसला आणि पायाला हात लावायला पुढं झाला, तर त्यांनी पाय आखडून घेतले.

"मला माहीत होतं, बन्सीभाऊ," त्या म्हणाल्या. "घरी आले की जेवताना रोज सांगायचे, आज बन्सीनं कुणाला आणलं, तो किल्ला बघून काय म्हणाला. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

बन्सीनं पुढं केलेला हात मागं घेतला.

"त्या दिवशी तुम्ही दारात उभे दिसलात. तुम्हाला ऐकू जावं म्हणूनच मी ते बोलले, नियमाचे कडक होते म्हणून. मुलगी लहान होती. त्यांच्या नावाला बट्टा लागला असता तर आमच्या हातात काय राहिलं असतं?" त्यांना धाप लागली. मग हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं गेली. आता तरी कुणाला सांगू नका."

तो म्हणाला, "नाय सांगत, वहिनी."

बाहेर आल्यावर त्याला रस्ता ओलांडता येईना. ज्या बाईपासून लपवायचं म्हणून त्यानं घर, पोर, नाव सगळं जाळलं, तिला ते लपवायच्या आधीपासून ठाऊक होतं. तिची झोप त्यानं राखलीच नव्हती. त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. आतमध्ये राग यायलाही कुणी उरलं नव्हतं. तो तिथंच एका दुकानाच्या पायरीवर बसला आणि दुकानदारानं उठवल्यावर उठला.

घरी सरूबाई दारातच होती. पाणीही न देता तिनं विचारलं, "काय म्हनल्या?"

बन्सीनं तिच्याकडं पाहिलं. नुकता दिलेला शब्द सोडला तर खरं सांगायला आता कसली आडकाठी नव्हती, आणि सांगून कुणाचं काय होणार होतं? वीस वर्षं नवऱ्याला गुन्हेगार समजून जिनं त्याला जेवू घातलं, तिला आता काय सांगायचं, की हे सगळं फुकट होतं?

"माफ केलं म्हनल्या," तो म्हणाला.

सरूबाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून रडायला लागली. बऱ्याच वेळानं डोळे पुसून म्हणाली, "लई मोठ्या मनाची बाई. आता उमाला निरोप धाडते, म्हनावं बापाला माफी मिळाली."