आत्याची एकच सही

अन्याय माझ्या आत्यावर झाला. माझा दहावीचा भूमितीचा पेपर होता त्या दिवशी, दुपारी साडेतीन वाजता, भिवंडीच्या रजिस्ट्रार कचेरीत. करणारे माझे वडील. आमच्या घरात हे कुणी या शब्दांत बोलत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

घर पणजोबांनी बांधलेलं, राणीच्या अमलातलं. बिडाचे नक्षीदार खांब, कमानीच्या खिडक्या, त्यांत लाल-निळ्या काचा. बाहेरचे लोक त्याला व्हिक्टोरियन बंगला म्हणायचे, आम्ही नुसतं घर. आजोबा गेल्यावर वरच्या खोल्या ओस पडल्या. वडील कारकून, त्यांना डागडुजी झेपेना. नवरा वारल्यावर माहेरी आलेली आत्या म्हणाली, "खोल्या पाहुण्यांना देऊ या." ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गेस्ट हाऊस सुरू झालं ते असं. परवाना मात्र वडिलांच्या नावावर. बाईच्या नावावर कशाला कटकट!

सुरतेचे सुताचे दलाल यायचे, यंत्रमाग दुरुस्त करणारे मालेगावचे लूम-मिस्त्री यायचे. मागच्या गल्लीतले लूम सुरू झाले की काचा थरथरायच्या. आत्या चौकटीत चिंध्या कोंबायची, त्या झिजल्या की नव्या कोंबायची. तिचा नियम एकच होता: आलेल्यानं आधी स्वयंपाकघराबाहेरच्या बाकावर बसून चहा प्यायचा, माणूस कळला की मग चावी. एक मिस्त्री वैतागून म्हणाला, "बाईजी, कमरा दे रही हो या बेटी?"

"बेटी असती तर दोन कप पाजले असते," आत्या म्हणाली. तो पुढे दर खेपेला आमच्याकडेच उतरायचा.

पाहुण्यांचं रजिस्टर रोज संध्याकाळी पोलीस चौकीत दाखवावं लागे. नाव, गाव, कशासाठी आला, सगळं आत्या लिहायची आणि खाली 'मालक' या शब्दापुढे वडिलांची सही करायची. वडील ऑफिसातून उशिरा येत, म्हणून त्यांनीच तिला ती शिकवली होती. शेवटच्या अक्षराचा फाटा ती असा ओढायची की वडील म्हणायचे, "ताई, माझ्यापेक्षा तुझीच खरी वाटते." सगळे हसायचे. मीही हसायचे.

त्या दिवशी पेपर देऊन आले तर दोघं निघालेच होते. येताना मला चप्पल घ्यायची म्हणून मलाही नेलं. वाटेत वडील म्हणाले, "घरावर नाव चढवायचंय ताई. तुझी एक सही लागते."

"कुठली? तुझी का माझी?"

"तुझी, तुझी. स्वतःची येते ना अजून?"

कचेरीत स्टॅम्पपेपर पुढे आला. आत्यानं कमरेला चाचपलं. चष्मा घरीच राहिला होता. "वाचून दाखव रे जरा."

"काय वाचायचंय त्यात? भावावर भरवसा नाही?"

कारकुनानं मान वर न करता विचारलं, "राजीखुशीनं करताय ना बाई?" आत्या हो म्हणाली. ते हक्कसोडपत्र होतं. बापाच्या घरातला आपला हिस्सा तिनं भावाला देऊन टाकला होता, आणि हे तिला माहीत नव्हतं. येताना तिला साडी घेतली, मला चप्पल. घरी पेढे आणले. मी दोन खाल्ले.

काही वर्षांनी वडिलांनी घर एका गोदामवाल्याला विकलं, तेव्हा आत्याला त्या सहीचा अर्थ कळला. आत्याची सोय लांब अंबाडी गावात केली. सोय म्हणजे एक खोली, पाणी बाहेरून आणायचं. आत्या तेव्हा पहिल्यांदा आवाज चढवून बोलली. "मी कुठे जाऊ? हे गेस्ट हाऊस मी चालवलंय!"

"कुणी सांगितलं?" वडील म्हणाले. "रजिस्टर आण. दाखव तुझं नाव."

ती गेली, सगळी रजिस्टरं घेऊन आली, टेबलावर रचली. वरचं उघडलं. पानोपानी तिचं अक्षर आणि खाली वडिलांची सही, तो अचूक फाटा. ती पानं उलटत राहिली, मग थांबली. त्या घरासाठी तिनं स्वतःच्या नावानं एकच सही केली होती, ती कचेरीतली. मी तिथेच उभी होते. तोवर हक्कसोड म्हणजे काय हे मला कळत होतं. तरी बोलले नाही.

आता तिथे पत्र्याचं गोदाम आहे. आत्या अंबाडीलाच आहे. मी गेले की चहा देते, त्या दिवसाबद्दल विचारलं की म्हणते, "चष्मा न्यायला हवा होता गं." म्हणजे चूक अजून तिचीच!

तुमच्या कपाटातही असा कागद असेल. बहुतेक घरांत असतो, त्याच्यासोबत घेतलेली साडीही आठवत असेल. आज तो बाहेर काढा. बहिणीला समोर बसवा, चष्मा तिच्या हातात द्या आणि सगळा कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवा. मग विचारा, आज सही केली असतीस का? ती नाही म्हणाली, तर तिचा हिस्सा तिच्या नावावर करून द्या.