तोरणाखालची जोडी

आमच्या गावात पोळा आला की बैलांच्या शिंगांना रंग लागे आणि माणसांच्या लाठ्यांना तेल. तिवश्याहून अमरावतीला जाणाऱ्या रस्त्यावरचं ते गाव. माझं माहेरही तेच आणि सासरही तेच. सासर पाटलाचं. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं की त्याखालून आधी आमची मानाची जोडी जाई, मग बाकीचे बैल. त्याआधी पिढ्यान् पिढ्या कोणी त्यावर ब्र काढला नव्हता.

मग साता समुद्रापलीकडे कोणाची तरी लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. माझ्या बापानं बैलांच्या शिंगांच्या टोकांवर चांदीच्या शेंब्या चढवल्या. अंगावर चांदी आली की माणसाला मान हवाच. त्या पोळ्याला माझा थोरला भाऊ आपली जोडी घेऊन तोरणापुढे आडवा उभा राहिला. माझ्या नवऱ्यानं त्याच्या कानशिलावर लाठी घातली. भावाचा तो कान कायमचा गेला. भावानं नवऱ्याच्या हाताची बोटं ठेचली, ती पुन्हा सरळ झाली नाहीत. भाऊ वेशीतच शपथ घेऊन गेला की पुढल्या पोळ्याला दोघांतला एक चौघांच्या खांद्यावर जाईल. माझा नवरा तसला शब्द विसरणारा नव्हता, आणि भाऊही पोकळ बोलणारा नव्हता.

म्हणजे एक तर माझं कुंकू जाणार, नाही तर माहेरचा आधार. दोन्ही घरच्या बायका देवाला नवस बोलत होत्या. मला नवसापेक्षा राग जास्त आला होता. रागात डोकं चालतं, हे मला तेव्हा कळलं.

आमच्या ओसरीवर रेची असे, कापसातून सरकी वेगळी काढायची. दोन लाकडी लाट एकमेकांना चिकटून उलटसुलट फिरतात आणि मधून रुई निघते. एका दुपारी ती फिरवताना मनात आलं की या दोन लाटांत पहिला कोण? कोणीच नाही. मग बैल तरी एकाच बाजूनं का जावेत? एक जोडी गावाकडून यावी, दुसरी शिवाराकडून, आणि तोरणाखालून एकाच वेळी पार व्हावी. मी ते सासूच्या कानावर घातलं. सासूनं सासऱ्याच्या कानावर घातलं आणि चार दिवसांत ती अक्कल सासऱ्याची झाली. बापालाही ती पटली.

फक्त बैलांना कोणी विचारलं नव्हतं. समोरासमोर आलेले मस्तवाल बैल वाट देतात होय? पुढल्या पोळ्याला ऐन तोरणाखाली त्यांची टक्कर झाली. ढोल वाजतच राहिले. आमच्या एका बैलाचं शिंग मुळातून मोडलं. चांदीची शेंबी असलेल्या माझ्या बापाच्या एका बैलाचं पोट फाटलं आणि तो वेशीतच आचके देऊन मेला. मधे शिरलेल्या भावाच्या मांडीत शिंग घुसलं. मी माळवदावरून सगळं बघत होते. नवरा घरी आला तो थेट माझ्या वेणीला हात घालून. सासऱ्याची अक्कल पुन्हा माझी झाली होती. नवऱ्यानं मला जोत्यावरून खाली फेकलं. माझा पुढचा दात तिथेच पडला. आज इतक्या वर्षांनीही जिभेला ती जागा सापडली की मला त्याचा राग येतो.

भाऊ बाजेवर पडल्या पडल्या कुऱ्हाडीला धार लावतो, असं माहेरची गडीण सांगून गेली. मी मात्र फसलेल्या गोष्टीपाशीच बसून राहिले. विचार वाईट नव्हता, अर्धा होता. माणसांचं भांडण मी डोक्यात घेतलं आणि बैल विसरले. आता उरलंय काय, ते मी बघू लागले. मोडक्या शिंगाचा बैल मानाला चालत नाही. म्हणजे आमच्याकडे मानाचा एकच बैल उरला होता आणि बापाकडेही एकच. तोलामोलाचा दुसरा विकत घ्यावा, तर वऱ्हाडातली सारी चांगली जनावरं कापसाच्या गाड्यांना जुंपून मुंबईच्या वाटेवर मरत होती. चांदी होती, पण बैल मिळत नव्हता.

या खेपेला मी सासूमार्फत गेले नाही. नवऱ्याला जेवायला वाढलं, भाकरी मोडू दिली आणि म्हटलं, "तुमचा एक अन् दादाचा एक, एका जुवाखाली जुंपा. नाई तं दोघायचाबी मान तिसऱ्याच्या दारात जाईन."

त्यानं ताट भिरकावलं. पण तिसऱ्याचं नाव त्याच्या घशात अडकलं ते निघेना. तीच गोष्ट मी माहेरी जाऊन भावाला ऐकवली. तिथे ताट भिरकावलं नाही, पण पाणीही विचारलं नाही. शेवटी सासूच म्हणाली, "बैल असे पोयाच्या दिवशी जुयत नाईत. डवरनीपासून जुंपा लागते."

मग पुढच्या पावसाळ्यात कपाशीच्या तासांत तण काढणाऱ्या डवऱ्यामागे माझा नवरा आणि कासऱ्याला लंगडता भाऊ, असं दृश्य साऱ्या गावानं पाहिलं. पहिल्या आठवड्यात बैलांनी एकमेकांना ढुशा दिल्या आणि माणसांनीही. एकदा दोघं चिखलात लोळत एकमेकांचा गळा दाबत होते आणि बैल रवंथ करत उभे होते. पण न जुळलेल्या जोडीचं तास एकट्या माणसाच्यानं सरळ जात नाही. हळूहळू शिव्या कमी झाल्या. कामापुरतं बोलणं सुरू झालं.

पोळ्याच्या सकाळी मला गाडीखाली दोघांच्या लाठ्या एकाच पोत्यात गुंडाळलेल्या सापडल्या. मी त्या चुलीत घालणार होते, पण नवरा मागे उभा होता.

जोडी तोरणाखाली आली. एक बैल जरा पुढे झाला. जुवानं दुसऱ्याला ओढून घेतलं आणि दोघं बरोबरीनं पार झाले. मी देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात अमरावतीच्या अडत्याचा माणूस, जो सौद्यासाठी आला होता आणि गेली दोन सालं ही मारामारी बघायला थांबत होता, तो ओरडला, "पाटलाचा बैल बोटभर पुढं गेला बरं."

दोन लाठ्या निघाल्या. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दोघं मिळून त्या माणसाला मारत होते. एकाची लाठी उठे तेव्हा दुसऱ्याची पडे, अगदी उखळातल्या जोडमुसळासारखी. तो हात जोडत होता. कोणी आडवं गेलं नाही. त्याला कापसाच्या गाडीत टाकून अमरावतीला धाडलं. जगला की मेला, ते आमच्या घरात कधी निघालं नाही.

दोघं एका ताटात पुरणपोळीला बसले. त्यांच्या मनगटांवरचं रक्त अजून वाळलं नव्हतं. नवरा खुशीत होता. भावाकडे बघत म्हणाला, "तुह्या बहिनीच्या डोक्यातली गोठ कामी आली गड्या."

भाऊ हसला. मी तूप वाढलं. माझा नवरा जगला, भाऊ जगला, मला हवं होतं ते सगळं मिळालं. दोघं कोणाला मारतील, तेवढं मी बदलू शकले. हात थांबावा असं मात्र काही सुचलं नाही. वाढता वाढता मी तेच शोधत होते, आणि नवऱ्यानं तूप कमी पडलं म्हणून हात उगारला.