डावीकडची सीट

गावातली निम्मी माणसं ज्यांच्याकडे गाडी शिकली, त्या मास्तरांनी स्वतः गाडी अशी फारशी चालवलीच नव्हती. ही गोष्ट कधी कोणाच्या लक्षात आली नाही. मास्तरांच्याही नाही. ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत शिकाऊ लोक चालवत. मास्तर त्यांच्या डावीकडे बसत, आणि संध्याकाळी गाडी शेडमध्ये गेली की सायकलवर टांग टाकून घरी जात. लोक त्यांना ‘हाफ क्लच’ म्हणत. पाठीमागे प्रेमाने, समोर चुकून.

डावीकडच्या सीटखाली मास्तरांसाठी वेगळी पेडलं बसवलेली होती. दोनच. डावं क्लचचं, उजवं ब्रेकचं. ॲक्सिलरेटर मास्तरांच्या वाट्याला नव्हता. वेग वाढवणं हा विद्यार्थ्याचा उत्साह आणि तो आवरणं ही मास्तरांची नोकरी. समोर म्हैस आली, शाळा सुटली, की विद्यार्थी किंचाळायच्या आत मास्तरांचे दोन्ही पाय आपापलं काम उरकून मोकळे झालेले असत. तोंडाने मात्र ते विद्यार्थ्यालाच म्हणत, “बघून चालव!”

मास्तरीणबाईही एकदा शिकायला बसल्या होत्या. तो धडा भाजी मंडईच्या चौकापर्यंत चालला. तिथवर मास्तरांनी इतक्या वेळा ब्रेक दाबला, की बाई शांतपणे दार उघडून उतरल्या, मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि चालत घरी गेल्या. त्यानंतर त्या संसारात हा विषय निघाला नाही.

ड्रायव्हिंग स्कूल विकून मास्तर निवृत्त झाले आणि दोघं मुलीकडे परदेशात गेले. मुलगी ऑफिसला ट्रामने जायची, तिच्याकडे गाडी नव्हती. आईबाबा आलेत म्हणून तिने एक भाड्याने घेतली, आणि कागदावर ड्रायव्हर म्हणून आपल्याबरोबर बाबांचंही नाव घातलं. “बाबांना काय, गाडी म्हणजे माशाला पाणी,” ती ऑफिसातल्या मैत्रिणींना सांगायची. तिथल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं. मास्तरांनी दार उघडून पाहिलं आणि हरखलेच. “अगं, यांनी तर माझ्याच सीटसमोर चाक बसवलंय!”

पहिले काही दिवस मुलगी शेजारी बसली. गाडी ऑटोमॅटिक, रस्ते रुंद, माणसं शिस्तीची. काही अडचण आली नाही. मग एका सकाळी मुलीला मीटिंग निघाली, आणि मास्तर म्हणाले, “आम्ही दोघंच जाऊन येतो तळ्यावर. तू बिनधास्त जा.”

रस्ता धुक्यातून चालला होता. धुकं जाड नव्हतं, दुधावर नुकती साय धरावी तेवढंच. दोन्ही बाजूंनी उंच झाडं येत, क्षणभर थांबल्यासारखी वाटत आणि निघून जात. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. हॉर्नशिवाय गाडी चालवणं मास्तरांना न खाकरता भाषण सुरू केल्यासारखं वाटत होतं. बाई खिडकीशी डोकं टेकून म्हणाल्या, “आपण चाललोय, की झाडंच चाललीत हो?”

“आपण. झाडांना लायसन नसतं.”

वाटेत एक छोटं गाव लागलं. दगडी रस्ता, बंद खिडक्या, एका न्हाव्याच्या दुकानाचं उघडं दार. पुढे लाँड्रीची एक व्हॅन होती. वळणावर रस्ता ओलांडायला एक कुत्रं उभं राहिलं आणि व्हॅन त्याच्यासाठी थांबली. लाल दिवे लागले.

आता, निवांतपणी मास्तर ड्रायव्हर होते. पण प्रसंग आला की ते मास्तरच होते. ते डावीकडे बसले होते आणि समोर लाल दिवे होते. वर्षानुवर्षांच्या सवयीने दोन्ही पाय एकदम खाली गेले: डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. फक्त या गाडीत डावीकडे ब्रेक होता आणि उजवीकडे ॲक्सिलरेटर. गाडीला काय करावं तेच कळेना. ती गुरगुरली, शहारली आणि व्हॅनला जाऊन हलकेच टेकली. त्याच वेळी मास्तर उजवीकडे वळून बाईंवर ओरडले, “बघून चालव!”

“अहो, मी कुठे चालवतेय?” बाई म्हणाल्या.

व्हॅनचं मागचं दार उघडलं. आतून पांढऱ्याशुभ्र चादरींची गाठोडी एकामागून एक घरंगळत बॉनेटवर आली, सुटली, काचेवर पसरली. गाडीच्या आत पांढरा, मऊ उजेड भरला. कसलाच आवाज नव्हता. साबणाचा मंद वास मात्र कुठूनतरी आत येत होता.

“वर गेलो का आपण?” बाईंनी हळूच विचारलं.

“वर एवढी इस्त्री नसणार,” मास्तर म्हणाले.

लाँड्रीवाला उतरून आला. उंच, सावकाश माणूस. त्याने काचेवरची चादर पडदा सारावा तशी बाजूला केली आणि लागलं का विचारलं. दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे बोलणं सुरळीत झालं. व्हॅनला खरचटलंही नव्हतं, तिच्या दाराची कडी आधीपासूनच सैल होती. भाड्याच्या गाडीच्या नंबर प्लेटला बाक आला होता आणि बंपरला एक खळी पडली होती. लाँड्रीवाल्याने फोनवर फोटो काढले, मास्तरांनाही काढायला लावले. मास्तर मात्र गर्दी जमायची वाट बघत होते. त्यांच्या अनुभवात अपघात म्हणजे आधी माणसं, मग आवाज, मग ‘जाऊ द्या हो’ म्हणणारा एक वडीलधारा. इथे न्हावी दारात आला, कुत्र्याकडे बघून आत गेला. कोणी चूक कोणाची ते विचारेना. त्यामुळे ती सगळीच्या सगळी मास्तरांकडे राहिली.

बाई तोवर उतरून लाँड्रीवाल्याला चादरींच्या घड्या करू लागल्या होत्या. दोन टोकं त्याच्या हातात, दोन बाईंच्या; जवळ यायचं, टोकं द्यायची, पुन्हा मागे जायचं. रिकाम्या गल्लीत धुक्याच्या उजेडात ते दोघं एखादा जुना नाच विसरत विसरत आठवावा तसे येत-जात होते. शेवटी तो वाकून बाईंना नमस्कार करून गेला. जाताना मास्तरांकडे बघून हसला. मास्तरांना ते फार लागलं.

मग मुलीचा फोन आला, तिला झालेलं सांगितलं. लागलं नाही ना, आई बरी आहे ना, हे झाल्यावर ती म्हणाली, “गाडी तिथेच राहू दे. कंपनीवाले येऊन घेऊन जातील. तुम्ही टॅक्सी करा. आणि बाबा, आता राहू दे हं. उरलेले दिवस मीच चालवीन.”

हा ‘राहू दे हं’ मास्तरांच्या ओळखीचा होता. नजर गेलेल्या, हात कापणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांना त्यांनी याच गोड आवाजात घरी बसवलं होतं. त्यातला एकही परत आला नव्हता.

त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या तरुणीने गोड आवाजात विचारलं, दिवे लागतात का, खाली तेल-पाणी गळतंय का, चाकं मोकळी फिरतात का. मग सांगितलं की गाडी चालवायला हरकत नाही. नको असल्यास माणूस पाठवते.

“तुमच्या मते मी चालवावी का?” मास्तरांनी विचारलं.

“सर, ते आम्हाला गाडीबद्दलच सांगता येतं.”

थोड्या वेळाने कळवतो म्हणून त्यांनी फोन ठेवला. दोघं गाडीत बसून राहिले.

“अगं,” मास्तर म्हणाले, “मला गाडी येतच नाही.”

“काहीतरीच.”

“खरंच. मला गाडी थांबवता येते. चालवत होते ते दुसरेच.” त्यांनी चाकावर हात ठेवला. “आज टॅक्सीत बसलो ना, तर पुन्हा या सीटवर बसणं व्हायचं नाही माझ्याकडून.”

“मग नका बसू टॅक्सीत. शिका. शिकायला वय लागत नाही, हे तुम्हीच शाळेच्या बोर्डावर लिहिलं होतं.”

“ते रंगाऱ्याने लिहिलं होतं. जागा उरली होती म्हणून.”

“आणि मी पुन्हा ठोकली तर?” असंही त्यांनी विचारून पाहिलं.

“तर चादरींच्या परत घड्या करू,” बाई म्हणाल्या. “मला तळं बघायचंय. टॅक्सीतून दिसेल तळं, पण टॅक्सीवाल्याशी भांडता येत नाही मला.”

मास्तरांनी बराच विचार केला. मग वाकून डाव्या पायातला बूट काढला. ज्या पायाने आयुष्यभर क्लच दाबला, त्याला आज सुट्टी आहे हे तोंडी सांगून कळणार नव्हतं. मोज्यातला पाय त्यांनी सीटखाली दुमडून घेतला. बूट ठेवायला जागा दिसेना, म्हणून बाईंनी तो मांडीवर घेतला. उजव्या पायाने मास्तरांनी ब्रेक शोधला, ॲक्सिलरेटर शोधला, पुन्हा ब्रेक शोधला. अंधारात देवघरातल्या काड्यापेटीसाठी चाचपडावं तसं. कंपनीला माणूस नको म्हणून कळवलं. गाडी निघाली.

पुन्हा मुलीचा फोन आला, तो बाईंनी घेतला. “बाबांना दे,” ती म्हणाली.

“ते गाडी चालवतायत,” बाई म्हणाल्या. “चालवताना फोन घेत नाहीत ते.”

“आई!”

“ठेवते गं. बोलले की लक्ष जातं त्यांचं.”

गाव मागे पडलं. मास्तरांच्या मागे तीन-चार गाड्यांची रांग लागली, पण कोणी घाई केली नाही. धुकं वर उठत होतं आणि त्याच्याखालून शेतं ओली, नवी, कोणी आत्ताच घडी मोडून पसरल्यासारखी दिसत होती. उतार आला तेव्हा गाडी आपणहून पुढे ओढ घेऊ लागली. मास्तरांच्या पायाने थोडा वेळ काहीच केलं नाही. वेग वाढला, तोही त्यांना बरा वाटला.

“अगं, ते बघ,” ते म्हणाले. झाडांच्या फटीतून पाणी चमकलं होतं.

उत्तर आलं नाही. मान वळवायची त्यांची हिंमत नव्हती. आरसा जरा वाकवून त्यांनी पाहिलं. बाई बूट पोटाशी धरून गाढ झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. शेजारच्या सीटवर मास्तरांना स्वतःला कधी डुलकीही लागली नव्हती.

तळ्याकाठी गाड्या लावायची मोकळी जागा आली. तिथे वळायचं, ब्रेक दाबायचा, बाईंना उठवायचं. मास्तरांनी त्या जागेकडे पाहिलं आणि ती तशीच मागे जाऊ दिली. रस्ता तळ्याच्या कडेकडेनेच पुढे जात होता, आणि पाणी बरंच लांबवर पसरलेलं दिसत होतं.