दाजींचा वस्तरा, डॉक्टरांचा गळा

दाजींच्या खुर्चीत बसलं की डोळे मिटायचे, असा नियमच होता. "उघड्या डोळ्यांनी माणूस वस्तरा बगतो, मग आवंढा गिळतो, आणि गळा हलला की आमचा हात हलतो," असं त्यांचं म्हणणं. रत्नागिरीच्या बाजारपेठेत त्यांचं एका खुर्चीचं दुकान होतं. मी तेव्हा शाळेत इतिहास शिकवत असे आणि दर रविवारी त्या खुर्चीत माझा इतिहास कच्चा ठरे.

"मास्तर, पुस्तकात राजाची तलवार असते. पण राजाच्या गळ्याला रोज पातं कोण लावी? आमचा माणूस! आणि गळवं कोण फोडी? तोही आमचाच. म्हणजे पैला डॉक्टर कोण, सांगा!" तोंडाला फेस असल्यामुळे मला मान डोलावण्याचीही सोय नव्हती.

सिनेमावर त्यांचा वेगळाच राग. पडद्यावर खलनायकानं वस्तरा उघडला की दाजी अंधारातून ओरडत, "अंगठा कुठे ठेवलान मेल्यानं! ह्याच्यानं साधे कल्ले तरी होतील काय?" सगळं थिएटर हसायचं आणि खलनायकाचा बट्ट्याबोळ व्हायचा.

पुढे दाजी सिनेमाला जाईनासे झाले. पडद्यावर सगळं धुरकट दिसतं म्हणत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण ते कबूल करतील तर शपथ! हातखंब्याच्या एका नवरदेवाची त्यांनी अर्धी मिशी उडवली, मग नाइलाजानं उरलेली अर्धीही काढली. मांडवात त्याच्या सख्ख्या मामानं त्याला ओळखलं नाही. तरी गिऱ्हाईक कमी झालं नाही. आम्ही खिशात तुरटी ठेवू लागलो, आणि वस्तरा चुकतोय असं वाटलं की आपणच गाल त्याच्याखाली सरकवायला शिकलो. शेजारचा वाणी तर त्यात इतका तरबेज झाला की नवख्यांना शिकवी.

अखेर गावात नवे आलेले डोळ्यांचे डॉक्टर दुकानात येऊन स्पष्टच बोलले. "दाजी, मोतीबिंदू पिकलाय. आणखी थांबलात तर डोळे कायमचे जातील."

"जाऊदेत. माझ्या डोळ्याला दुसऱ्याचं पातं लागाचं नाय. पात्याखाली माणसाची काय गत होते ती मला ठाऊक हाय. तुम्ही कधी निजलात पात्याखाली?"

डॉक्टर घरीच दाढी करणारे. त्यांनी शांतपणे आपला चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि खुर्चीत बसले. "करा माझी दाढी. मग माझी पाळी."

दाजींनी वस्तरा पट्ट्यावर घासला. "डॉक्टर, गाल तुम्हीच न्या!" वाणी कुजबुजला, पण त्यांना त्यातलं काही कळेना. दोन ठिकाणी रक्त आलं, कल्ले एक वर, एक खाली. डॉक्टर उठले आणि म्हणाले, "छान झाली."

दाजी कान देऊन ऐकत होते. "आवाज कापला नाय तुमचा," ते म्हणाले. "येतो मी."

ऑपरेशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या, तरी टेबलावरून दाजींच्या सूचना चालूच होत्या म्हणे. "अंगठा सांभाळा, डॉक्टर!"

दीड महिन्यानं जाड भिंगांचा चष्मा लावून ते दुकानात आले. त्या भिंगांतून सगळं मोठं दिसायचं. स्वागताला आम्ही झाडून सगळे हजर, डॉक्टरही होते. दाजी एकेकाजवळ गेले. माझी हनुवटी पाहिली. वाण्याच्या कानाजवळची खाच बोटानं चाचपली. मग मटकन खुर्चीत बसले.

"हे सगळं मी केलंय? दोन वर्षं? मोतीबिंदू मला झालेला, तुमचे डोळे कुठे गेले होते? एकानंही सांगू नये?"

"गळ्यावर वस्तरा असताना काय सांगणार, दाजी?" वाणी म्हणाला.

दुकानभर हशा पिकला. दाजीही हसले, आणि हसता हसता त्यांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

डॉक्टर पुढे झाले. "दाजी, रडायचं नाही हं. डोळ्याची जखम अजून ओली आहे."

"मग ही तोंडं आधी माझ्यासमोरून हलवा," दाजी म्हणाले.

आम्ही कुणीच हललो नाही.