गाइडचा सूट

इलेक्ट्रॉनिक्समध्ये पीएच.डी. करायला डोकं लागतं, असं एम.एस्सी. होईपर्यंत मला वाटायचं. कसलं डोकं! गाइड लागतो. प्रवेश परीक्षा मी पास झाले होते, पण मुदतीत अर्जावर कुणा गाइडची सही नसेल तर ती परीक्षा चुलीत घाला. अप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "गाइडांना काय तोटा? पॅलेसच्या दारात धा उभे असतात, हात धरून ओढतात की!" त्यातलाच एखादा धरायला हवा होता. तो निदान राजवाडा दाखवून बाहेर तरी सोडतो.

माझ्या विषयात जागा रिकामी असलेला एकच गाइड उरला होता. कुवेंपुनगरात घर, पाटीवर दोन ओळी पदव्या आणि आत ज्ञानाच्या नावानं शंख. माझा एम.एस्सी.चा रिपोर्ट त्यानं चाळला, "ठेवून जा" म्हणाला आणि विचारलं, "वडील काय करतात?" टेलर आहेत म्हटल्यावर स्वारी खुलली. परदेशात पेपर वाचायचा होता, सूट हवा होता. "सही ना? माडोणा!" म्हणजे करू या. आमच्या मैसूरात न होणारं प्रत्येक काम याच शब्दानं सुरू होतं.

अप्पांनी मात्र हातातली सगळी कामं बाजूला सारली. मुलीचा गाइड ना! मुदतीच्या आदल्या दिवशी आम्ही ट्रायलला त्याच्या घरी गेलो. तो हॉलमध्ये नवरदेवासारखा ताठ उभा राहिला. अप्पा त्याच्या पायाशी गुडघे टेकून, तोंडात पिना धरून पॅंटची लांबी ठरवत होते. मी अर्ज घेऊन टेबलापाशी उभी. टेबलावर तो पेपर होता.

पेपरवर नाव त्याचं, आकडे माझे. मातीतली ओल मोजायचं सर्किट घेऊन मी एच. डी. कोट्याच्या शेतांतून उन्हात हिंडले होते. एका ठिकाणी त्याची जमिनीत खुपसायची सळई दगडावर बसली आणि आकडा भलताच आला. या शहाण्यानं तोही उचलला होता आणि वर त्याच्यावर पानभर सिद्धान्त लिहिला होता. दगडावर!

"सर, हे माझं आहे," मी म्हटलं.

त्यानं मानही वळवली नाही. "गाइड काय, विद्यार्थी काय, एकच. ट्रायल होऊ दे, लगेच सही करतो."

मेल्याला लाज म्हणून नव्हती. अप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्यांना घरच्या मराठीत सांगितलं, यानं माझं काम चोरलंय. अप्पांनी तोंडातल्या पिना तळहातावर घेतल्या. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"मग सांग बाळ, पिना काढू की शिवू?"

वर तो हसत विचारत होता, लांबी बरोबर आहे ना? त्याला मी चोर म्हणत आले, आजही म्हणते. पण अर्ज माझ्या हातात होता आणि मुदत उद्या संपत होती.

"शिवा, अप्पा," मी म्हटलं.

अप्पा "आय्तु", म्हणजे बरं, म्हणाले आणि गुडघ्यांवरच दुसऱ्या पायाकडे सरकले.